व्याघ्ररक्षणाचा परकीय निधि : जमाखर्चाची एक तपासणी

सनदेंत लिहिलेली नेमणूक आणि प्रत्यक्ष हातीं पडलेला वसूल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पेशवाईंतील सरंजामांचा हिशेब लावतांना हा भेद आपण कटाक्षानें पाळतों. परंतु काळ जवळचा आला कीं हीच सावधगिरी सुटते. भारतांतील वाघ परकीयांच्या द्रव्यानें वांचला, असें एक मत रूढ आहे. उलटपक्षीं, परकीय द्रव्याचा या कार्यांत कांहींच वांटा नव्हता, असेंही अभिमानानें सांगण्यांत येतें. दोन्ही मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत देतों.

प्रथम कालक्रम पाहूं. इ. स. १९६९ च्या नोव्हेंबरांत निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचें दहावें अधिवेशन दिल्लीस भरलें. वाघाची जात नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, असा इशारा तेथें देण्यांत आला व शिकारबंदीची मागणी झाली. पुढील वर्षीं, म्हणजे १९७० सालीं, भारतांत ती बंदी अमलांत आली. तत्पूर्वीं शिकारीचा धंदा करणाऱ्या कंपन्या अमेरिका व युरोप येथील हौशी शिकाऱ्यांस येथें आणून परकीय चलन मिळवीत असत. बंदीमुळें ती मिळकत बुडाली. म्हणजे या खात्यांतील पहिली नोंद जमेची नसून तुटीची आहे. बाहेरून सल्ला आधीं आला. पैसा पुढें यावयाचा होता. आणि मधल्या काळांत हातचा पैसा सोडावा लागला. हा क्रम दृष्टीआड करून चालणार नाहीं.

१९७२ सालीं झालेल्या प्रगणनेंत देशांत १,८२७ वाघ असल्याचें नोंदलें गेलें. त्याच सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि डॉ. करणसिंह यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलानें व्याघ्रप्रकल्पाचा आराखडा सादर केला. याच सुमारास जागतिक वन्यजीव निधि या संस्थेनें वाघासाठीं जगभर वर्गणीची मोहीम उघडली. ही संस्था १९६१ सालीं स्वित्झर्लंडांत स्थापन झालेली. तिच्या संस्थापकांपैकीं एक असलेले गाय माउंटफर्ट यांनीं श्रीमती इंदिरा गांधी यांची भेट घेऊन १० लक्ष डॉलरांच्या साहाय्याचें आश्वासन दिलें. १ एप्रिल १९७३ रोजीं कॉर्बेट उद्यानांतील ढिकाला येथें प्रकल्पाचा आरंभ झाला. प्रथम निवडलेल्या नऊ वनांत आपल्या वऱ्हाडांतील मेळघाटाचा समावेश होता.

आतां आंकडे शेजारीं शेजारीं ठेवूं. त्या वेळीं एका डॉलरास सुमारें साडेसात रुपये पडत. म्हणजे आश्वासनाची रक्कम सुमारें ७५ लक्ष रुपये होते. कार्यदलाच्या सहा वर्षांच्या आराखड्याचा अंदाज सुमारें ४ कोटी रुपयांचा होता. तेव्हां अभिवचन पूर्ण वसूल झालें असें धरलें तरी तें या अंदाजाच्या पंचमांशाहून कमीच भरतें. शिवाय हें साहाय्य मुख्यतः वाहनें, बिनतारी संदेशयंत्रें, दुर्बिणी अशा साधनसामग्रीच्या रूपानें आलें. पहारेकऱ्याचा पगार, चौकीची डागडुजी, वणवा विझविण्याची मजुरी हे नित्याचे खर्च मात्र येथील तिजोरींतूनच व्हावयाचे होते. आरंभीं ते केंद्र सरकारानें सोसले. १९८० नंतर राज्यांनीं त्यांचा अर्धा भार उचलला.

मग परकीय निधीचें महत्त्व तें काय? आमच्या मतें तें रकमेंत नसून दडपणांत आहे. लांकूडतोड व महसूल यांनाच वनाचें सार्थक मानणाऱ्या कारभारास, जगाचें लक्ष या नऊ वनांकडे आहे, हें त्या निधीमुळें उमगलें. सनदेची किंमत कधीं कधीं वसुलांत नसून शिक्क्यांत असते, तसाच हा प्रकार होय.

पुढील काळाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वाघाच्या हाडांसाठीं होणाऱ्या चोरट्या शिकारीनें हाहाकार उडविला, तेव्हां अमेरिकेनें १९९४ सालीं गेंडा व वाघ यांच्या रक्षणासाठीं निधि स्थापण्याचा कायदा केला. १९९६ सालीं जागतिक बँकेच्या द्वारें सात वनांकरितां ६ कोटी ७० लक्ष डॉलरांची परिसरविकास योजना मंजूर झाली. हा आंकडा सरसकट ‘परकीय मदत’ म्हणून देण्याची चाल आहे. तो फोडून पाहिला पाहिजे. त्यांपैकीं २ कोटी ८० लक्ष हें फेडावयाचें कर्ज होतें; अनुदान केवळ २ कोटींचें; बाकी भार येथील सरकारें व लाभधारक यांच्यावर होता. कर्ज आणि देणगी एका बेरजेंत मिसळणारा कारकून जुन्या फडांत टिकला नसता.

द्रव्यानें वाघ राहतोच असेंही नाहीं. २००५ सालीं सरिस्का येथें एकही वाघ उरला नसल्याचें उघड झालें. २००६ च्या गणनेंत देशांतील वाघांचा अंदाज १,४११ निघाला, तर २०२२ च्या गणनेंत तो सरासरी ३,६८२ आला. परंतु १९७२ ची गणना पंज्यांच्या ठशांवरून झालेली, आणि अलीकडच्या गणना स्वयंचलित छायायंत्रें व नमुनापद्धति यांवर आधारलेल्या. भिन्न मापांनीं मोजलेलें धान्य एका राशींत घालून वाढ-घट सांगूं नये.

शेवटीं, जी नोंद कोणत्याच खात्यांत पुरतेपणीं सांपडत नाहीं ती सांगितली पाहिजे. मेळघाटांतील बोरी, कोहा, कुंड या गांवांतील लोकांस वन सोडून बाहेर वसावें लागलें. पुनर्वसनासाठीं दर कुटुंबास मिळणारी रक्कम पूर्वीं १ लक्ष रुपये होती. २००८ सालीं ती १० लक्ष झाली. पण पिढ्यान्‌पिढ्यांचें शेत, देवस्थान, मोहाचीं झाडें यांचें मोल त्या आंकड्यांत येत नाहीं. व्याघ्ररक्षणाच्या देणगीदारांची यादी करावयाची झाल्यास कोरकूंचें नांव तींत वरच्या बाजूस घालावें लागेल. भेद इतकाच कीं, इतरांनीं वर्गणी स्वेच्छेनें दिली.

हा हिशेब पुरा होण्यास अस्सल कागद पाहिजेत. शिकार कंपन्यांचीं जाहिरातपत्रकें, वनरक्षकांच्या रोजवह्या, विश्रामगृहांतील अभिप्रायवह्या, काचेवर गिरवून कागदावर उतरलेले पंज्यांचे ठसे, गांव उठतांना झालेले अर्ज व पंचनामे: हीं सर्व या इतिहासाचीं साधनें होत. तीं अजून जुनीं झालेलीं नाहींत, म्हणूनच रद्दींत जात आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते जपावेत व त्यांच्या नकला अभ्यासकांस उपलब्ध करून द्याव्यात, अशी आमची विनंति आहे. मोडी दप्तरांच्या बाबतींत शंभर वर्षें उशीर झाला. येथें तरी तो न व्हावा.