पुढे वाकण्याचा इतिहास

पाठ दुखते म्हटलं की उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, मग पोटावर जोर देऊन उठून बसायचं. ही पद्धत अमेरिकेत पॉल विल्यम्स या अस्थितज्ज्ञांनी १९३७पासून रूढ केली. कंबरेची खोलगट कमान कमी केली की मागच्या बाजूचा ताण उतरतो, हा त्यांचा हिशेब धडधाकट हाडांच्या पाठीसाठी होता. रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ झालेल्या मणक्यांचं गणित उलटं. पुढे वाकताना सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, ती चेपते, मणका पाचरीसारखा होतो आणि पोक येतो. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत ‘व्यायाम करा’ हा सल्ला अर्धाच आहे. पाठ कोणत्या दिशेला वळवायची, हे त्याहून महत्त्वाचं.

याचा पुरावा १९८४मध्ये मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी आणि बेथ मिकेल्सन यांनी मांडला. मणक्यांची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांपैकी पाठ मागे ताणणाऱ्या गटात पुढे १६ टक्क्यांना मणक्याचे नवे अस्थिभंग झाले, तर पुढे वाकणाऱ्यांत ८९ टक्क्यांना. व्यायामच न करणाऱ्यांत ६७! आकडे लहान गटांचे आहेत, वाकणाऱ्या स्त्रिया जेमतेम नऊ होत्या, हा आक्षेप रास्तच. पण २००२मध्ये सिनाकींनी वेगळ्या स्त्रियांची दहा वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. या स्त्रियांनी दोन वर्षं पालथं झोपून, पाठीवर वजनाची पिशवी बांधून, आठवड्यातून पाच दिवस दहा-दहा वेळा छाती उचलली होती. त्यांचे १.६ टक्के मणके मोडले. न करणाऱ्यांचे ४.३ टक्के. व्यायाम थांबवून आठ वर्षं झाल्यावरचा हा फरक आहे, तो योगायोग म्हणून झटकता येत नाही.

मात्र या शोधाचा धसकाही घेतला गेला. वाकू नका, वजन उचलू नका, असं सांगून बायकांना जपून बसवलं, आणि भार न पडलेलं हाड आणखी झिजतं. २०१७च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात १०१ स्त्रियांपैकी ज्यांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जड वजनं उचलली, त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत २.९ टक्क्यांनी वाढली, इतरांची १.२ टक्क्यांनी घटली. वजन उचलताना त्याही वाकत होत्याच, पण खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. आपल्या सूर्यनमस्कारात तर दोन्ही दिशा एकाच आवर्तनात आहेत: ठिसूळ मणक्याला त्यातलं बेताचं भुजंगासन मानवेल, पण हस्तपादासनात गुडघ्याला कपाळ टेकवण्याचा हट्ट नाही.