पागोळी आणि पन्हळ : मांद्र्याच्या घरांचा एक जुना प्रश्न

इतिहास म्हटला की १७८८ मध्ये पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, यासारख्या घटना आपल्याला आठवतात. परंतु सत्ता कोणाचीही असो, मांद्र्याच्या घरकर्त्याला मृगापूर्वी एक प्रश्न सोडवावाच लागे : छपराच्या कडेला पन्हळ बसवावी, की पागोळ्या मोकळ्या पडू द्याव्यात? ह्या प्रश्नाच्या उत्तरांतही आपल्या समाजाचा इतिहास साठलेला आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'पन्हळ' हा संस्कृत 'प्रणाल' शब्दाचा वंशज. देवळातील अभिषेकाचे तीर्थ बाहेर नेणाऱ्या गोमुखाचा तो गृहस्थाश्रमी भाऊच म्हणावा. 'पागोळी' म्हणजे कौलांच्या टोकावरून गळणारी धार, आणि 'वळचण' म्हणजे भिंतीबाहेर उतरलेली छपराची कड. आढ्याचे पाणी वळचणीला यायचेच, हे म्हण सांगते. वळचणीवरून ते कोठे जावे, हे मात्र माणसाने ठरवायचे असते.

हे पाणी थोडेथोडके नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावर ह्या हिशेबाने तीन लाख लिटर पाणी उतरते. तरीही जुन्या घरांना सहसा सलग पन्हळ नसे. ह्याचे कारण अज्ञान नव्हे. रुंद वळचण, चिऱ्यांचे उंच जोते, उतरते अंगण आणि पावसाळ्यापुरते बांधलेले माडाचे झापे ह्या चार गोष्टी मिळून पन्हळीचे काम करीत. मातीच्या भिंतीचा पाया खचतो तो बहुधा अंगणातून उसळणाऱ्या शिंतोड्यांनी. जोते उंच असले की ते भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत. किनाऱ्याकडील भाटांतली रेताड जमीन पाणी शोषून घेते. राजांगणाच्या घरात तर चारी उतारांचे पाणी मध्यभागी घेण्याचीच योजना असे. मात्र दोन उतार जेथे मिळतात तेथे, किंवा दारासमोरच्या पायरीवर, पोफळीचे खोड चिरून केलेली पन्हळ लावीत.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळुरी कौले आपल्याकडेही आली. कुंभारी नळ्यांच्या जागी एकसारखी, एकमेकांत अडकणारी कौले बसली. छपराची कड सरळ झाली, आणि तिला पत्र्याची पन्हळ जोडणे सोपे झाले.

दुसरे कारण शेजाराचे. घराची वाटणी झाली, जागा अरुंद झाली, की एकाची पागोळी दुसऱ्याच्या जमिनीत पडू लागते. रोमन कायद्याने पागोळीच्या हक्काला स्वतंत्र नाव दिले होते. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनेही छपराची धार शेजाऱ्याच्या जागेत पडू नये, असा दंडक घातला. येथे पन्हळ ही सोय उरत नाही, ती सलोख्याची अट होते.

म्हणून सरसकट उत्तर संभवत नाही. वळचण किती रुंद आहे, जोते किती उंच आहे, भिंत मातीची की चिऱ्याची, पाणी पडते ती भुई रेताड की कठीण, आणि पलीकडे कोणाची हद्द आहे, हे पाच प्रश्न विचारावेत. शिवाय आंब्याफणसाच्या पानांनी तुंबलेली पन्हळ ही नसलेल्या पन्हळीहून वाईट. तिच्यातले पाणी उलटून वाशांत मुरते आणि वासे कुजतात.

आज वळचणी आखूड होत आहेत, अंगणांवर सिमेंट चढत आहे, आणि पूर्वी माडाच्या आळ्यात मुरणारे पाणी नळीवाटे रस्त्यावर सोडले जात आहे. तेच पाणी पन्हळीने विहिरीजवळच्या खड्ड्यात उतरवले, तर उन्हाळ्यात विहिरीला आधार होईल. ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वाड्यावरील जुनी घरे मोजावीत, त्यांच्या वळचणींची नोंद करावी, अशी माझी विनंती आहे. ती घरे पडली, की हा इतिहास वाचण्याचे साधनच आपल्या हाती राहणार नाही.