गारंबीची वेल : देवरायांचा न लिहिलेला इतिहास

कोकणाविषयीच्या मराठी ललित लेखनात झाडे पुष्कळ आहेत; रान मात्र फार कमी आहे. नारळी-पोफळीची आगरे, हापूसच्या बागा, परसातला फणस, विहिरीवरचा रहाट यांनी आपली कोकणची प्रतिमा घडली आहे. ही सारी माणसाने लावलेली, पाणी घालून वाढवलेली झाडी होय. या बागाईतीच्या पलीकडे, सड्यावर आणि सड्याच्या उतारावर जे आपोआप वाढले आणि ज्याला माणसाने मुद्दाम हात लावला नाही, ते रान आपल्या साहित्यात पार्श्वभूमीच्या पुढे क्वचितच येते. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव आम्हांला विशेष जाणवते. कारण येथील रानाचा इतिहास हा मुख्यतः शब्दांचा इतिहास आहे. कोणते रान लिहिले गेले आणि कोणते न लिहिताच राहिले, यावर ते टिकणे किंवा न टिकणे अवलंबून राहिले आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘गारंबी’ म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला श्री. ना. पेंडसे यांची १९५२ सालची कादंबरी आठवते. बापू, राधा, अण्णा खोत डोळ्यांपुढे येतात. परंतु गारंबी हे एका अजस्र रानवेलीचेही नाव आहे. मोठमोठ्या वृक्षांना कवेत घेत ती थेट शेंड्यापर्यंत चढते. तिच्या शेंगा हात-दीड हात लांब असतात आणि आतल्या तपकिरी, चपट्या, टणक बिया नदीनाल्यांतून वाहत समुद्रापर्यंत जातात. या वेलीला चढायला जुने, उंच झाड लागते; म्हणजे जिथे गारंबी आहे तिथे रान पुष्कळ काळ न तुटता उभे आहे, असे खुशाल समजावे. आम्ही वर्गात गारंबीचा बापू वर्षानुवर्षे शिकवतो. गारंबीची वेल मात्र आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते.

आता लिहिलेल्या रानाकडे पाहू. १८व्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विचार येतो. जहाजांसाठी सागवानादी लाकूड हुजुराच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसही कामाचे खरे, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते घ्यावे, असेही तिथे सांगितले आहे. मराठी गद्यातला हा एक थोर उतारा आहे. तरीही त्यात संरक्षण मिळाले आहे ते रयतेच्या झाडाला, हे विसरता येत नाही. रानातला साग हा आरमाराचा माल होता. राज्याच्या कागदावर रान येते ते लाकूड म्हणून.

इंग्रजी अमदानीत ही दृष्टी अधिक पद्धतशीर झाली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जंगलांचे प्रमुख म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. गिब्सन हे वैद्यही होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. कोकणातील वृक्षतोड आणि आटणारे झरे यांचा संबंध त्यांच्या अहवालांत दिसतो. म्हणजे पाण्याच्या अंगाने रानाचा विचार करणारा सरकारी आवाज तेव्हाही होता. पण त्या आवाजापेक्षा लाकडाची गरज मोठी होती. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले ठरली. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांचा विस्तार झाला. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र गावोगाव खोती होती आणि रानावर सरकारापेक्षा खोताचा व खातेदाराचा हक्क चाले. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडी नदीच्या काठी खोतांच्या पिढ्यांचा उदयास्त येतो. त्या घराण्यांच्या सत्तेचा एक पाया डोंगर, वरकस जमिनी आणि त्यांवरची झाडी यांची मालकी हा होता. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण रान बहुतांश खासगी नावांवरच राहिले. आजही या जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अत्यल्प आहे. परिणामी राबासाठी, जळणासाठी, कोळशासाठी, पुढे लाकूड-व्यापाऱ्याच्या करवतीसाठी हे रान वारंवार तुटले, पुन्हा फुटले, पुन्हा तुटले.

या तोडीच्या मधोमध काही ठिपके मात्र जसेच्या तसे राहिले. कुठे ते चार-दोन गुंठ्यांचे, कुठे काही एकरांचे. त्यांना देवराई म्हणतात, देवरहाटी म्हणतात, नुसते राई म्हणतात. वाघजाई, काळकाई, सोमजाई, जाखमाता, भैरी, केदारलिंग अशा ग्रामदेवतांचे ते रान. नियम साधा : इथली काटकीही घरी न्यायची नाही. पडलेले लाकूड पडल्या जागी कुजायचे. एखादे झाड देवळाच्याच कामासाठी हवे असेल तर गावाने जमायचे, देवीला कौल लावायचा आणि कौल उजवा मिळाला तरच कुऱ्हाड उचलायची. हा नियम कोणत्याही दप्तरात नव्हता. तो गावऱ्हाटीत, गाऱ्हाण्यात, मोडणाऱ्याचे काय झाले याच्या कथांत होता. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर देवराई ही मौखिक परंपरेने राखलेली संहिता होती आणि भय हे तिचे व्याकरण होते.

या संहितेत काय राखले गेले, हे परिसरशास्त्राच्या भाषेत सांगता येते. भोवतीचा सडा जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात तापून निघणारा. त्यात मुरलेले पावसाचे पाणी खाली उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते आणि पुष्कळ देवराया नेमक्या या झऱ्यांच्या मुखाशी आहेत. जुने सातवीण, बेहडे, आंबे, वड-उंबर तिथे आपल्या वयाने वाढतात आणि आपल्या वयाने पोकळ होतात. ही पोकळी व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोष आहे. धनेश पक्ष्याच्या दृष्टीने ते घर आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते आणि एका फटीतून नर तिला व पिलांना फळे भरवतो. एवढी मोठी ढोली तरुण झाडात होत नाही. शिवाय धनेश फळांच्या बिया दूरवर टाकतो, त्यांतून नवे रान उगवते. संगमेश्वर-देवरुखच्या बाजूला हा पक्षी आजही दिसतो, त्यामागे जुनी झाडे राखणारी अशी ठिकाणे आहेत.

या न लिहिलेल्या रानाची शास्त्रीय नोंद व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. त्याआधीची एक पायरी इतिहासाच्या अभ्यासातली आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून मातृदेवतांची स्थाने अभ्यासली. त्यांचा ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ १९६२ मध्ये आला. देवतांची ही स्थाने शेतीपूर्व, शिकारी व अन्नसंकलक जीवनाचे अवशेष असावेत, अशी त्यांची मांडणी होती. हार्वर्डहून १९७१ मध्ये परतलेले तरुण माधव गाडगीळ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले, तेव्हा तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक होते. दोघांनी सह्याद्रीत आणि कोकणात देवराया पाहिल्या. १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आणि १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. देवराईच्या उगमाविषयी त्यांनी कोसंबींचा आधार घेतला. इतिहासकाराच्या तर्कातून परिसरशास्त्राचा एक मोलाचा अभ्यास पुढे सरकला, ही गोष्ट वाङ्मय-इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या अभ्यासात बाणकोटच्या खाडीपलीकडील, श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची हकीकत येते. गावच्या काळकाईच्या रहाटीतील झाडे तोडण्यासाठी खुणावली गेली होती. गावकऱ्यांना काळजी होती ती रहाटीतून येणाऱ्या ओहोळाची. झाडी गेली तर पाणी जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी संशोधकांना गाठले, संशोधकांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. याच रानात गारंबीची एकुलती एक वेल होती. सर्पदंश झालेल्या गुरांवर औषध म्हणून तिची साल न्यायला लांबच्या गावांहून माणसे येत. भोवतालचे सारे रान गेले आणि ती वेल एका देवीच्या आश्रयाने उरली.

गाणीची हकीकत आम्हांला महत्त्वाची वाटते ती आणखी एका कारणाने. गावकऱ्यांनी खात्यापुढे देवीचा कोप मांडला नाही, पाणी मांडले. श्रद्धेच्या भाषेत राखलेले रान वाचवण्यासाठी त्यांना दुसरी भाषा बोलावी लागली. देवरायांचा पुढचा सारा इतिहास या भाषांतराचा आहे. भय ओसरले, सातबाऱ्यावर कुठे देवस्थान, कुठे सरकार, कुठे खासगी खातेदार अशी नावे निघाली, मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून काँक्रीटची देवळे उभी राहू लागली आणि कित्येकदा देवीच्या नव्या घरासाठी देवीचेच रान गेले. जुन्या भयाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात जातींचे मानपान होते, काही ठिकाणी स्त्रियांना मज्जाव होता. पण ते भय गेल्यावर त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पळवली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. इथे देव नाही, कौल नाही; तरी गावाने पाळलेला एक नियम आहे. राखण्याची रीत नव्याने निर्माण करता येते, हे वेळासने दाखवले.

दुसरे उत्तर कागदावरचे आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावाने स्वतःची लोकजैवविविधता नोंदवही करावी, अशी वाट खुली झाली. गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला; त्या गटाकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा प्रश्न खास सोपवलेला होता. अहवाल लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडले आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो मराठीत यावा, ग्रामसभांत वाचला जावा, हा गाडगीळांचा आग्रह होता. ज्या रानाचा नियम गावाच्या तोंडी होता, त्याविषयीचा निर्णय गावाला न कळणाऱ्या भाषेत होऊ नये, एवढेच त्याचे तात्पर्य. या अहवालावर मतभेद पुष्कळ झाले. पण ज्यांच्या जमिनीविषयी तो होता त्यांपैकी अनेकांनी तो वाचण्याआधीच वाद पेटला, हे अधिक खेदाचे.

इथे मराठीच्या अध्यापकांचा संबंध येतो. झाडे मोजणे आमचे काम नव्हे. पण गाऱ्हाणी, राईच्या सीमा सांगणाऱ्या कथा, झाडांची गावठी नावे, कौलाचे शब्द, शिमग्यात पालखी राईतून कोणत्या वाटेने येते त्याचा क्रम, ही सारी भाषेची सामग्री आहे आणि ती जाणणारी पिढी थकत चालली आहे. एम.ए.च्या प्रबंधिकांसाठी त्याच त्या कादंबऱ्यांचे तेच ते पैलू घेण्याऐवजी कोकणातील विद्यार्थ्याने आपल्या गावच्या एका राईची अशी नोंद केली, तर ती गावाच्या नोंदवहीतही जाऊ शकेल आणि उद्या सातबाऱ्यावरून तंटा उभा राहिला तर पुरावा म्हणूनही उभी राहील. जे रान न लिहिताच राहिले होते, ते यापुढे लिहिल्यावाचून राहील असे दिसत नाही. ते गावाच्या शब्दांत लिहिले जाते की लाकडाच्या हिशोबात, एवढे पाहणे अद्याप आपल्या हाती आहे.