ऑईल बघायचं, पण इंजिन चालू की बंद?

गांधीबागेच्या कापडबाजारात माल उतरवणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर ऑईल कसं बघतो? इंजिन बंद करतो, पाच-दहा मिनिटं थांबतो. वर चढलेलं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. मग डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवतो.

हीच पद्धत जुन्या पोर्शे 911 ला लावली, तर फसगत होते. कारण शर्यतीच्या इतिहासात आहे.

वेगाने वळताना चेंबरमधलं ऑईल बाहेरच्या बाजूला लोटलं जातं. वळणाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं झालं, तर त्याचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. पंप हवा ओढतो, बेअरिंग जळतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत ऑईलची टाकी वेगळी आली: एक पंप खालचं ऑईल उपसून टाकीत टाकतो, दुसरा टाकीतलं इंजिनला पुरवतो. 1954 ची मर्सिडीज 300 एसएल आणि 1963 साली फ्रँकफुर्टला दाखवलेली 911, दोन्हींत हीच रचना.

आता बघा, 911 ची डिपस्टिक टाकीत असते. इंजिन बंद पडलं की टाकीतलं ऑईल हळूहळू खाली झिरपतं आणि पातळी कमी दिसते. मालक वरून ओततो. मग जास्तीचं ऑईल सिलिंडरपर्यंत जाऊन निळा धूर निघतो. म्हणून सपाट जागा, गरम इंजिन, आणि तेही चालू असतानाच बघायचं.

आपल्या जुन्या बुलेटचंही थोडं असंच. बरेच दिवस उभी असेल, तर आधी चालवायची, मग ऑईल बघायचं.

तेव्हा डबा उघडण्याआधी पुस्तिका उघडा.