समुद्रावरील जहाजांचा मागोवा : प्रस्तावना

31 जुलै 2011 रोजी ‘एमटी पवित’ हे तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ओमानजवळ इंजिन बंद पडल्यावर खलाशांनी ते सोडले होते. सुमारे महिनाभर ते अरबी समुद्रात वाहत राहिले आणि थेट मुंबईला लागले. 2008 मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईवर केलेल्या हल्ल्यानंतर सागरी पहारा वाढवलेला होता, तरीही. या विषयाचे महत्त्व सांगायला मला याहून बोलके उदाहरण ठाऊक नाही.

300 ग्रॉस टन व त्याहून मोठ्या, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांवर एआयएस (स्वयंचलित ओळख प्रणाली) यंत्र सक्तीचे असते. जहाजाचा नऊ अंकी क्रमांक, स्थान, वेग आणि दिशा ते व्हीएचएफ रेडिओवरून सांगत राहते. मात्र ही व्यवस्था टक्कर टाळण्यासाठी जन्मली, पहाऱ्यासाठी नव्हे. यंत्र बंद ठेवता येते, खोटे स्थानही कळवता येते. आणि निर्मनुष्य जहाजाकडून तर काही ऐकू येण्याची आशाच नको.

उपग्रहावरचे रडार जहाजाला काहीच विचारत नाही. त्याच्या सूक्ष्मलहरी शांत पाण्यावरून पलीकडे निसटतात, म्हणून समुद्र काळा दिसतो. पोलादी जहाजाच्या कोपऱ्यांवरून त्या माघारी येतात आणि ठिपका उजळतो. रात्र किंवा पावसाळी ढग आड येत नाहीत, खवळलेल्या लाटा मात्र येतात. चालते जहाज तर प्रतिमेत स्वतःच्या मागे उमटलेल्या पाण्याच्या रेघेपासून बाजूला सरकलेले दिसते, आणि त्या अंतरावरून त्याचा वेग काढता येतो! या विषयाची गोडी मला इथेच लागली.

रडारवर ठिपका आहे पण एआयएसचा संदेश नाही, असे दिसले की घाई करू नये. वसईच्या एखाद्या तांडेलाच्या लहान नौकेवर एआयएस यंत्र नसेलही. तेवढ्याने तो संशयित ठरत नाही. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर एक लाख मच्छीमार नौकांवर बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरहून सुरू झाली. त्यावर वादळाचा इशारा मिळतो, संकटात हाक देता येते. माझ्या मते नौका नोंदवण्याचे पहिले कारण हेच असायला हवे.

झाशीच्या सीपरी बाजारात बसून, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, मी हे लिहितो आहे. हे शक्य आहे, कारण 2014 पासून युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडार प्रतिमा सर्वांना विनामूल्य मिळतात. पहिले प्रकरण वाचण्याआधी मुंबई बंदराबाहेरची एक प्रतिमा उतरवून घ्या आणि नांगरलेली जहाजे स्वतः मोजून पाहा.