मिरजेचा सांधा आणि संगणकातली मराठी

नवी वस्तू निघाली म्हणजे ती लगेच आपल्या उपयोगी पडते, असे मुळीच नाही. तिच्यावर अवलंबून असणारे बाकीचे सारे तयार व्हावे लागते. माधवनगरच्या माणसाला हे सांगायला फार लांब जायला नको. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज हा मीटरगेज लोहमार्ग ब्रॉडगेज झाला. पण मिरजेहून बेळगावकडे जाणारा मार्ग मीटरगेजच राहिला, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा तर अवघा अडीच फुटांचा. पुण्याकडून आलेली वाघीण मिरजेच्या पुढे त्या मार्गांवर जाणार कशी? माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. तेही मार्ग रुंद होईपर्यंत कित्येक वर्षे हे असेच चालले.

संगणकाच्या व्यवहारात असे सांधे पावलोपावली येतात. तिथे डेटाबेस म्हणजे दप्तर आणि सॉफ्टवेअर म्हणजे ते दप्तर वाचणारा, लिहिणारा कारकून, असे समजा. दप्तराची नवी आवृत्ती आली आणि कारकुनाला जुनीच मांडणी ठाऊक असली, की काम अडते. म्हणून जाणती माणसे कारकून तयार होईपर्यंत जुने दप्तर चालू ठेवतात. यात आळस नाही. मात्र या थांबण्याच्या काळात आपण काय करतो, यावर पुढचे पुष्कळसे ठरते. आपल्या मराठी अक्षरांचा इतिहास याला साक्ष आहे.

आता असं पहा, संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आकडा नेमून द्यावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी असा तक्ता आपल्याकडे तयार झाला, त्याचे नाव ‘इस्की’. १९९१ साली त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ या तक्त्याची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या तक्त्यावरून घेतलेली होती.

तक्ता तर तयार झाला, पण तो वाचणारा कारकून कुठे होता? घरोघरच्या संगणकांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती २००० सालच्या आवृत्तीत. मध्ये नऊ वर्षे गेली. छापखाने आणि वर्तमानपत्रे तोवर हातावर हात ठेवून बसणार थोडीच! त्यांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे आकार बसवले. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत आकडा असायचा कुठल्या तरी इंग्रजी अक्षराचा. शिवाजी, कृतिदेव अशा प्रत्येक फाँटची बैठक वेगळी.

काम भागले, हे खरे. या युक्तीवर पुस्तके निघाली, प्रश्नपत्रिका आणि लग्नपत्रिका छापल्या गेल्या. पण आत साठले ते अक्षर नव्हे, त्याचे चित्र. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला, की मजकुराचा नुसता कालवा दिसायचा. असे नाव दप्तरात शोधू म्हटले तर सापडेना, यादी अकारविल्हे लावू म्हटले तर लागेना.

पुढे युनिकोड रुळला तेव्हा फरक कळला. इस्कीत ठेवलेला मजकूर बहुतांशी सरळ नव्या तक्त्यात आला, कारण तिथे अक्षर अक्षर म्हणूनच नोंदलेले होते. फाँटमधल्या मजकुरासाठी मात्र दर फाँटला वेगळा परिवर्तक लागला आणि नंतर ओळन् ओळ तपासावी लागली. छापखान्यांत रूढ असलेल्या पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड वाचताच येत नव्हता. ज्यांची सारी पुस्तके त्यात होती, ते तिथेच अडकले.

तक्ताही वाढत असतो. मराठीतला ‘ॲ’ युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत नव्हता. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. ज्या संगणकाचा फाँट जुना, त्यावर या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसायची. म्हणून काहीजण ‘अ’वर वेगळी चंद्रकोर देऊन भागवीत. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला ती दोन निराळी. शाळेच्या दप्तरात ‘ॲग्नेस’ हे मुलीचे नाव एकाने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिले, तर साधा शोध घेणारा संगणक ‘अशी मुलगी नाही’ म्हणून मोकळा होतो. दाखला मागायला आलेल्या पालकाने मग काय करायचे?

थांबण्यालाही मर्यादा असते, बरं का. पोस्टग्रेस्क्यूएल नावाचा मुक्त डेटाबेस आहे. त्याची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात त्या पाच वर्षे. तेवढ्यात कारकून शिकवून घ्यावा लागतो, कारण पुढे चूक सापडली तरी जुन्या आवृत्तीला कोणी डागडुजी करीत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत ‘नवी आवृत्ती अजून चालत नाही, थांबा’ असे सांगितले, तर अवश्य थांबावे. पण तोवर तीन कामे करावीत. कशावर काय अवलंबून आहे, याची यादी करावी. मजकूर युनिकोडमध्ये आणि एकाच रीतीने लिहावा. आणि दप्तराची एक प्रत वेगळी काढून, ती उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष पाहून ठेवावे.