जकात, सवलत आणि शास्ती : पिंपरी-चिंचवडची करकथा

'श्रीमंतानं कायद्यात बसवून कर वाचवला, तर माझ्या खिशातून काय गेलं?' हा प्रश्न आपण बरेचदा ऐकतो. त्याचं उत्तर शोधायला स्विस बँकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या पिंपरी-चिंचवडचा इतिहास पुरेसा आहे.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. हद्दीत येणाऱ्या मालावर जकात होती, आणि कारखान्यांना माल तर रोज लागणार! त्या पैशावर ही 'आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका' आहे, असं म्हणायची पद्धतच पडली.

जकात हा काही आदर्श कर नव्हता. नाक्यावर ट्रक खोळंबत, चोरवाटा निघत, आणि शेवटी तो कर किमतीत मिसळून गिऱ्हाइकाच्याच माथी बसे. पण एक गोष्ट त्यात होती : कारखाना जिथे चालतो, तिथल्या नळाला, रस्त्याला, दवाखान्याला त्याच्या मालातून वाटा मिळत होता. 1 एप्रिल 2013 ला जकात जाऊन एलबीटी आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली.

आता हद्द ओलांडून चाकणला जाऊ. तिथे महापालिकेची जकात नव्हती, जमीन मोकळी होती. शिवाय सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना होती. 1964 ची ही योजना मुळात उद्योग मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून मागास भागात जावेत म्हणून आखलेली. पुढे 'मेगा' प्रकल्पांसाठी त्यात खास वाट काढली गेली, आणि पुण्याच्या उंबरठ्यावरच्या चाकणलाही तिचा लाभ झाला. भरलेल्या विक्रीकराच्या बदल्यात अनुदान, मुद्रांक शुल्कात माफी. सगळं कायदेशीर! रोजगार आला, हेही खरं. पण ती रक्कम तिजोरीतूनच गेली.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं, बघा. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कामगारानं गुंठा-अर्धा गुंठा जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. परवडणारं अधिकृत घर नव्हतंच. 2008 पासून अशा बांधकामांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लागू झाला. मूळ करासकट धरला तर तिप्पट! थकबाकी वाढत गेली, प्रत्येक निवडणुकीत तिच्या माफीची आश्वासनं मिळाली, आणि पूर्ण माफी मिळायला 2023 उजाडलं.

शब्दही पाहा. कारखान्याला मिळाली ती 'सवलत', दोन खोल्यांवर बसला तो 'दंड'. एकाला सरकारनं चर्चेला बोलावलं, दुसऱ्याला नोटीस पाठवली. म्हणजे किती भरलं यापेक्षा कुणाशी बोलणी झाली, हे महत्त्वाचं ठरलं. आम्हाला विषमतेचा खरा अर्थ इथे दिसतो.

महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच धागा धरला होता : कर भरतो कोण आणि त्यावर सुखात राहतो कोण? आज कंत्राटी कामगाराला आयकर लागत नसेलही, पण साबणापासून मोबाईल रिचार्जपर्यंत जीएसटी तो भरतोच. आणि 2019 पासून कंपन्यांना 22 टक्के दराचा पर्याय आहे; मार्च 2024 पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना तर 15 टक्के दराचा पर्याय होता. वैयक्तिक आयकराचा वरचा टप्पा मात्र 30 टक्क्यांचाच.

यावर कुणी म्हणेल, सवलत दिली नसती तर कारखाना दुसऱ्या राज्यात गेला असता. गेलाही असता. पण मग राज्याराज्यांत कमी घेण्याची चढाओढ लागते, आणि तूट भरून काढतो तो, ज्याला कुठेही जाता येत नाही.

म्हणून आमचं उत्तर स्पष्ट आहे : फरक पडतो. ज्याला परवडतं तो टँकर, जनरेटर, खाजगी दवाखाना घेऊन सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडतो. मग ती व्यवस्था सुधारावी, असा आग्रह धरणारंही कुणी वजनदार उरत नाही. चाकणच्या चौकात रोज तासन्‌तास अडकणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कामगार असतो, आणि मागच्या गाडीत साहेबही असतो. न भरलेल्या कराचा रस्ता शेवटी दोघांचाच असतो.